अभिषेकाच्या पाण्यांतील अणुगर्भ

अंबरनाथ येथें वालधुनी नदीच्या कांठीं असलेलें शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० मधील होय. तेथील शिलालेखांत शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. मंडपांतून पायऱ्या उतरून भाविक गाभाऱ्यांत जातो व शिवलिंगावर तांब्याभर पाणी घालतो. देवळाच्या भिंतींवरील शिल्पें पाहण्यास रसिक दुरून येतात. परंतु त्या तांब्यांतील पाण्यांत देवळाहून अब्जावधी वर्षें जुनी अशी एक बांधणी आहे. तिचा विचार आज करावयाचा आहे.

पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचें बनतें, हें शाळेंतील मुलेंही जाणतात. साध्या हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एकटा प्रोटॉन. परंतु सुमारें साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागें एखाद्याच्या गर्भांत प्रोटॉनच्या सोबतीस न्यूट्रॉन असतो. हें ड्यूटेरियम होय. हॅरॉल्ड युरी यांनीं तें १९३१ सालीं शोधून काढलें. विश्वाच्या आरंभींच्या कांहीं मिनिटांत त्याचा बहुतेक सांठा तयार झाला. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टींत वापरतात तें जड पाणी याच ड्यूटेरियमचें असतें.

आतां जिज्ञासु वाचक विचारील, कीं प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची जोडी टिकते, तर दोन न्यूट्रॉनांची कां टिकूं नये? दोन प्रोटॉन विद्युत्भारामुळें परस्परांस लोटतात हें खरें. पण न्यूट्रॉनांस भारच नाहीं. याचें उत्तर कणांच्या परिवलनांत, म्हणजे ‘स्पिन’मध्यें, सांपडतें. कण भोवऱ्यासारखा फिरतो असें मात्र समजूं नये. भोवरा ही समजुतीपुरती उपमा. परिवलन हा कणाचा उपजत गुण आहे.

प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचें परिवलन प्रत्येकीं अर्धें एकक असतें. दोघांची दिशा एक असेल तर बेरीज एक होते, विरुद्ध असेल तर शून्य. अणुगर्भांतील आकर्षण पहिल्या स्थितींत कांहींसें अधिक असतें व जोडी बांधली जाते. दुसऱ्या स्थितींत तें थोडक्यासाठीं अपुरें पडतें. वुल्फगांग पाउली यांच्या नियमाप्रमाणें एकाच जातीचे दोन कण सर्वांत खालच्या स्थितींत एकाच दिशेचें परिवलन ठेवूं शकत नाहींत. म्हणून दोन न्यूट्रॉनांस विरुद्ध दिशाच घ्यावी लागते, आणि त्यांची जोडी जमत नाहीं. दोन प्रोटॉनांची गत तीच.

ही उणीव आपल्या हिताची ठरली आहे. सूर्याच्या पोटांत दोन प्रोटॉन भेटले, तरी चिकटून राहात नाहींत. भेटीच्या त्या क्षणींच एकाचा न्यूट्रॉन झाला तर ड्यूटेरियम बनतें, आणि असें अति क्वचित् घडतें. त्यामुळेंच सूर्याचें इंधन सुमारें ४६० कोटी वर्षें पुरून अजून शिल्लक आहे.

या बलाचा उलगडा करण्यांत मुंबईच्या एका सुपुत्राचा वांटा आहे. १९३५ सालीं जपानच्या हिदेकी युकावा यांनीं सुचविलें, कीं गर्भांतील कण एका मध्यम वजनाच्या कणाची देवघेव करतात व त्यानें बांधले जातात. युकावांच्या मूळ कणास परिवलन नव्हतें. १९३८ सालीं केंब्रिज येथें होमी भाभा यांनीं, आणि त्याच सुमारास इतर कांहीं शास्त्रज्ञांनीं, एक एकक परिवलनाच्या कणाचा सिद्धांत मांडला. पुढें १९४७ सालीं ‘पायॉन’ सांपडला. त्याचें परिवलन मात्र शून्य निघालें. भाभांची कल्पना फोल ठरली, असें तेव्हां कोणासही वाटलें असतें. परंतु १९६१ सालीं ‘ऱ्हो’ व ‘ओमेगा’ हे एक एकक परिवलनाचे मेसॉन मिळाले. आज असें मानतात, कीं दूरचें आकर्षण मुख्यतः पायॉनचें, तर कण अगदीं जवळ आल्यावर या दुसऱ्या मेसॉनांचा प्रभाव पडतो. तोंवर भाभांनीं १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली होती, आणि १९५६ सालीं तुर्भें येथें ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली होती.

घरांतील कोणी विचारील, कीं या सूक्ष्म परिवलनाचा संसारी माणसास उपयोग काय? रुग्णालयांत एम्. आर्. आय्. यंत्रानें मेंदूचें वा मणक्याचें चित्र घेतात, तें शरीरांतील पाण्याच्या व चरबीच्या प्रोटॉनांचें परिवलन ओळखूनच होय. जो गुण अणुगर्भाची घडण ठरवितो, तोच आजारी माणसाच्या अंतरंगाची वार्ता वैद्यास देतो.