कॅरिबियन उपाहारगृहांतील एक संध्याकाळ

वेस्ट इंडीज म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम क्रिकेट उभें राहतें. मीं तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला, पण माझीहि मजल त्यापुढें फारशी गेली नव्हती. नकाशावर बेटांची माळ दाखवावयाची, ‘ऊस, केळीं, कोको’ हीं उत्पन्नें फळ्यावर लिहावयाचीं आणि तास संपवावयाचा. त्या बेटांवरील माणसें दोन वेळां काय जेवतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचारला नाहीं व मलाहि सुचला नाहीं. तो धडा मला निवृत्तीनंतर, कॅनडांतील टोरोंटो शहरीं, एका उपाहारगृहांत शिकावयास मिळाला.

माझी कन्या व जांवई तेथें राहतात. त्या शहरांत कॅरिबियन बेटांतून आलेल्या लोकांची मोठी वस्ती असून १९६७ सालापासून त्यांचा उत्सव दर उन्हाळ्यांत रस्त्यांवर भरतो. एका शनिवारीं जांवईबापू म्हणाले, “नाना, आज तुम्हांला त्रिनिदादचें जेवण घालतों.” आमचें घराणें माळकरी, आळंदी आमच्या कुरुळीहून फार दूर नाहीं. त्यामुळें मी जरा बिचकलोंच. “तुमच्या माळेस बाध येणार नाहीं,” अशी हमी घेऊन निघालों.

आंत पाऊल टाकतांच आवाजानें कान भरून गेले. आपल्याकडे जेवतांना बोलूं नये असें मुलांना सांगतात. तेथें मुकाट्यानें जेवणारास बरें नाहीं कीं काय अशी शंका घेतली जात असावी. कोपऱ्यांत एक गृहस्थ चक्क लोखंडी पिंपाचें बूड वाजवीत होते. या वाद्यास ‘स्टीलपॅन’ म्हणतात. त्रिनिदादांत खनिज तेल निघतें. तेलाचीं रिकामीं पिंपें घेऊन तेथील गरीब वस्तींतील तरुणांनीं १९३० ते १९५० च्या दरम्यान हें वाद्य सिद्ध केलें. पिंपाचें बूड ठोकून वाडग्यासारखें खोल करितात व त्यावर लहानमोठे भाग पाडतात. मोठ्या भागांतून खालचा स्वर निघतो, लहानांतून वरचा. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडलेलीं अशीं पिंपें आमच्याकडे पाणी सांठविण्यास वापरतात. त्यांत एवढें संगीत दडलें असेल हें आमच्या कधीं ध्यानीं आलें नाहीं.

आतां ताटाकडे वळूं. प्रथम आलें ‘कॅललू’. अळूचीं पानें, भेंडी व नारळाचें दूध एकत्र शिजवून घोटलेली ही पातळ भाजी. चिंच-गूळ नाहीं, शेंगदाणे नाहींत, तरी पहिल्या घासास मीं कन्येकडे पाहिलें, आणि ती म्हणाली, “हो नाना, फदफदेंच!” मग आली ‘सहीना’. अळूच्या पानांस डाळीचें पीठ लावून, गुंडाळी करून, काप तळलेले. ही तर आपली अळूवडीच. प्यावयास लाल अंबाडीच्या बोंडांचें, आलें व दालचिनी घातलेलें सरबत होतें. जांवईबापूंच्या ताटांत जमैकाची ‘जर्क’ कोंबडी होती. तिच्या मसाल्यांत त्या बेटावरील एका झाडाचीं वाळविलेलीं फळें असतात. लवंग, दालचिनी व जायफळ यांचा वास त्या एका दाण्यांत येतो. मीं दुरूनच वास घेतला व समाधान मानलें.

हें ताट म्हणजे जगाचा इतिहासच आहे. मिरची, रताळें, पपई, अननस हें अमेरिका खंडाचें देणें. चाकणच्या बाजारांत ज्याचे ढीग पडतात त्या बटाट्याचें झाड दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांतलें, परंतु ‘बटाटा’ हें नांव कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेंत रताळ्याचें. पोर्तुगीजांच्या तोंडून तें आपल्याकडे आलें. भेंडी आफ्रिकेकडून आली. कोंकणांत ज्यास नीरफणस म्हणतात तें फळ कॅप्टन ब्लाय यानें १७९३ सालीं ताहिती बेटाहून तिकडे नेलें. हेतु एवढाच कीं मळ्यांवरील गुलामांचें पोट स्वस्तांत भरावें. गोडधोड खाणाऱ्या युरोपच्या साखरेमागें अशी भूक उभी होती.

शेवटीं डाळपुरी आली. वाटाण्याची पिवळी डाळ बोटचेपी शिजवून कोरडी वाटावयाची, तींत जिरें, मीठ, मिरची घालावयाची, कणकेच्या उंड्यांत भरून पोळी पातळ लाटावयाची व तव्यावर भाजावयाची. पुरणपोळी करणाऱ्या गृहिणीस आणखी सांगणें नको. या पोळींत बटाटा व हरभऱ्याची रस्साभाजी गुंडाळून देतात. उपाहारगृहाच्या मालकीणबाई, वयानें माझ्याच बरोबरीच्या, मला आंत घेऊन गेल्या व साहित्य दाखवूं लागल्या. लाटण्यास त्या ‘बेलना’ म्हणत, तव्यास ‘तावा’, जिऱ्यास ‘गीरा’. हिंदीचे बहुधा असलेच शब्द त्यांच्यापाशीं उरले होते. त्यांचे पणजोबा बिहारकडचे.

ते तेथें कसे पोंचले? ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें संपली व १८३८ मध्यें गुलाम पूर्ण मुक्त झाले. उंसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ हें जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेंच्या सुमारास माणसें घेऊन त्रिनिदादला लागलें. १९१७ पर्यंत त्या एका बेटावर १ लाख ४० हजारांहून अधिक हिंदी मजूर गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारकडील. दलाल, ज्यास ते ‘अरकाटी’ म्हणत, गोड बोलून करारावर अंगठा घेई. ‘ॲग्रीमेंट’चें त्यांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. पांच वर्षें बांधून घेतलेलें काम. परवान्यावांचून मळा सोडला तर तुरुंग. या पद्धतीविरुद्ध मार्च १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव मांडणारे पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले होते. तो ठराव फेटाळला गेला. १९१७ सालीं भरती थांबली, तेव्हां गोखले हयात नव्हते.

श्रोतेहो, हें ऐकत असतां मला घरची एक गोष्ट आठवली व घास घशाशीं अडखळला. आमच्या गांवाभोंवतीं कारखाने आले, तसे कामासाठीं बिहार व उत्तर प्रदेशांतील तरुणहि आले. त्यांतील पुष्कळजण ठेकेदारामार्फत लागलेले. असा एक मुलगा माझी रिकामी खोली मागावयास आला होता. “तुम्हां लोकांना खोली देत नाहीं,” असें मीं उंबऱ्यावरूनच सांगितलें. ज्यानें मुलांना गोखल्यांचें चरित्र शिकविलें, त्याच्या तोंडचे हे शब्द. मालकीणबाईंच्या पणजोबांसहि कोणीतरी असेंच उंबऱ्यावरून परत धाडलें असेल काय, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

परत आल्यावर त्या मुलाचा शोध केला. तो दुसरीकडे निघून गेला होता. त्याची क्षमा मागावयाची राहूनच गेली. खोलींत आज छपऱ्याकडचे दोघे भाऊ राहतात. एका रविवारीं त्यांच्याकडून ओळखीचा वास आला. दार लोटून पाहतों तों चण्याच्या डाळीचें पुरण, बिनगुळाचें, व तव्यावर पोळी! धाकटा संकोचून म्हणाला, “मास्टरजी, दालपूरी है.” मीं पाट ओढून घेतला व तेथेंच जेवावयास बसलों.