रक्तातील ‘सी-ओ-टू’ आणि मूत्रपिंडाचे रुग्ण

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णाच्या तपासणी-अहवालात क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम या परिचित नावांबरोबर ‘टोटल सी-ओ-टू’ किंवा ‘बायकार्बोनेट’ असा एक आकडा असतो. क्रिएटिनिन किती, हे घरातील शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. या आकड्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच तर गैरसमज होतो. सी-ओ-टू म्हणजे उच्छ्वासावाटे जाणारा दूषित वायू, तो कमी आला म्हणजे बरेच झाले, असे मानून निश्चिंत होणारे नातेवाईक आम्हांस भेटतात. तुळिंज रस्त्यावरील धूर-धुळीला दोष देणारेही भेटतात. म्हणून यंदा या एका आकड्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. औषधोपचार सांगणे हा डॉक्टरांचा अधिकार. आम्ही वाणिज्य शाखेचे, हिशेब समजावून देणे एवढेच आमचे काम. सुदैवाने हा विषय मुळात हिशेबाचाच आहे.

रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा फार मोठा भाग वायुरूपात नसतोच. तो बायकार्बोनेटच्या रूपात असतो. प्रयोगशाळा ‘टोटल सी-ओ-टू’ म्हणून जे मोजते ते जवळजवळ सर्व बायकार्बोनेटच होय. प्रौढ व्यक्तीत हे प्रमाण साधारणतः २२ ते २९ मिलिमोल प्रति लिटर असते. बायकार्बोनेट ही शरीराची आम्लाविरुद्धची गंगाजळी आहे. आपल्या अन्नातून, विशेषतः प्रथिनांतून, दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल निर्माण होते. हे आम्ल वायुरूप नसल्याने फुप्फुसांना ते बाहेर टाकता येत नाही. मूत्रपिंडांनीच ते लघवीवाटे टाकावयाचे आणि खर्ची पडलेले बायकार्बोनेट नव्याने तयार करून खात्यात भरावयाचे, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. मूत्रपिंडे थकली की खर्च तेवढाच राहतो, जमा मात्र घटते. आकडा २२ च्या खाली घसरू लागतो, याचा अर्थ रक्तात आम्लता साचू लागली आहे.

गंगाजळी आटली तरी शरीर लगेच दिवाळे जाहीर करीत नाही. ते ठेवी मोडू लागते. हाडांतील क्षार काढून आम्ल शमविले जाते आणि हाडे ठिसूळ होतात. स्नायूंतील प्रथिने मोडीत निघतात, हातापायांतील बळ ओसरते. रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. उरल्यासुरल्या मूत्रपिंडावरही अधिक ताण पडतो. दुर्दैव असे, की बराच काळ रुग्णास काहीच जाणवत नाही. आकडा फार खाली गेला की फुप्फुसे मदतीस धावतात, श्वास खोल व जलद होतो. नालासोपारा स्थानकाचा जिना चढताना लागलेला दम वयाच्या आणि गर्दीच्या माथी मारला जातो. अर्थात दम लागण्यास रक्तक्षय, अंगात साठलेले पाणी, हृदयविकार अशी इतर कारणेही असू शकतात. तो निवाडा तपासणीनंतरच व्हावा.

उपाय अगदी साधा आहे: सोडियम बायकार्बोनेटची गोळी, म्हणजे एका अर्थाने खाण्याचा सोडाच. २००९ साली लंडनमधील एका अभ्यासात मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटलेल्या आणि बायकार्बोनेट १६ ते २० असलेल्या १३४ रुग्णांचे दोन गट करून, एका गटास नेहमीच्या उपचारांबरोबर दोन वर्षे ही गोळी देण्यात आली. त्या गटातील ६.५ टक्के रुग्णांचा आजार अंतिम टप्प्यास पोहोचला. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ३३ टक्के होते. तथापि २०२० साली ब्रिटनमध्येच साठ वर्षे व त्यावरील ३०० रुग्णांवरील चाचणीत गोळीचा लाभ आढळला नाही. २०२४ च्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रौढांत हा आकडा १८ च्या खाली घसरण्यासारखी स्थिती येऊ नये यासाठी उपचारांचा विचार करावा, पण तो सामान्य मर्यादेच्या वर चढू नये याचीही काळजी घ्यावी, असे सांगतात. गोळी कोणास, किती आणि केव्हा, हे म्हणूनच व्यक्तीगणिक ठरते.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. ‘सोडाच तर आहे’ असे म्हणून घरच्या डब्यातील सोडा किंवा पापडखार पाण्यात घालून घेऊ नये. १ ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. त्याने पायांवर सूज व रक्तदाब वाढू शकतो आणि मोजमापाअभावी आकडा दुसऱ्या टोकास जाऊ शकतो.

आहाराचा भाग आमच्या वसईत जरा अवघडच. मासे, सुकट, मटण, अंडी यांनी आम्लाचा भार वाढतो. सुक्या मासळीत वर मीठही असते. फळे व भाज्या तो भार कमी करतात, आणि भाजी-केळीच्या वाड्यांबद्दल तर वसईची ख्याती! परंतु पोटॅशियम वाढलेल्या रुग्णास तीच केळी बाधतात. राजेळी केळ्यांची सुकेळी तर पाणी आटल्यामुळे पोटॅशियमचा अर्कच म्हणावी लागेल. भेट म्हणून रुग्णाच्या घरी सुकेळी नेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. शेजारच्या रुग्णाचा आहारतक्ता उतरवून घेण्यातही अर्थ नाही. दोघांचे आकडे निराळे असतात.

आकडा वाढलेला असला तरी तो चांगला असे समजू नये. वारंवार उलट्या, लघवी वाढविणारी औषधे किंवा गोळीचा अतिरेक यांनी बायकार्बोनेट वाढते. जुन्या दम्याच्या वा धूम्रपानजन्य फुप्फुसविकारातही वाढते. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली असता रुग्णांच्या रक्तातील वाढलेला ‘टोटल सी-ओ-टू’ पाहून रक्त अल्कधर्मी झाल्याचा अर्थ काढला गेला. बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तो उलटा वाचला: श्वसनाचे स्नायू लुळे पडल्याने वायू आत कोंडत होता. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरविला व कित्येकांचे प्राण वाचले. आकडा एक, अर्थ दोन. म्हणून मूत्रपिंडाबरोबर फुप्फुसाचाही विकार असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. रक्ताचा नमुना उघडा किंवा फार वेळ पडून राहिल्यास त्यातील वायू उडून आकडा खोटाच कमी येतो, हेही माहीत असावे. एकाच कागदावरून घाबरून न जाता, सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावून आणावेत.

डायलिसिसवरील रुग्णांत यंत्रातील द्रावणातूनच रक्तास बायकार्बोनेट मिळते. डायलिसिसपूर्वी आकडा कमी व नंतर अधिक, असा चढउतार त्यांच्यात अपेक्षित असतो. एक पाळी चुकली की आम्ल व पोटॅशियम दोन्ही साचतात. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी भरून रेल्वे थांबली होती. अशा दिवशी केंद्रापर्यंत पोहोचणे किती दुष्कर, हे तुळिंजकरांस सांगावयास नको. मुसळधार पावसाचा इशारा मिळताच केंद्रास दूरध्वनी करून पाळी अलीकडे घेता येईल का, हे विचारावे. पाळी लांबलीच तर त्या काळात पाणी, मीठ व पोटॅशियमयुक्त पदार्थांचे पथ्य अधिक कडक करावे.

देणगीदारांस एक विनंती. डायलिसिसच्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. गोळीच्या पाकिटावर किंवा तिमाही रक्त-तपासणीच्या पावतीवर ते कोरता येत नाही. यंत्रे हवीतच, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. डायलिसिसच्या खर्चास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. त्याआधीची अनेक वर्षे रुग्ण जी गोळी घेतो आणि जी तपासणी करतो, तिचा खर्च मात्र बहुधा घरातूनच जातो. महिना जड गेला की प्रथम तीच बंद होते, कारण ती थांबविल्याने त्या दिवशी काहीच दुखत नाही. ज्या दात्यांना अशा एखाद्या रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्या व तपासण्यांचा भार उचलावयाचा असेल, त्यांनी कार्यालयात संपर्क साधावा. पावती यंत्राच्या देणगीसारखीच दिली जाईल.