आवाज न करणारी खोली

नोव्हेंबर निम्मा सरला की अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या गावांत दुसरा विषय निघत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. परवाने साडेपाच लाखांच्या घरात जातात. शेजारच्या मिशिगनमध्ये तारीख ठरलेली, 15 नोव्हेंबर. त्या दिवशी तिथल्या कित्येक शाळा बंदच असतात. पारा बहुतेक वेळा शून्याखाली. उजाडायच्या आत जागेवर पोहोचायचं आणि तासन्‌तास न हलता बसायचं. हे बसणं ज्या आडोशात होतं त्याला तिकडे ब्लाइंड म्हणतात. साधारण चार बाय सहा फुटांची, लाकडी पायांवर उभी, तीन-चार बाजूंना झरोके असलेली खोली. प्लॅस्टिकच्या तयार खोल्या बाजारात मिळतात, तरी खेड्यापाड्यांतले पुष्कळ शिकारी आपलं लपण स्वतःच बांधतात. सुट्टीच्या दिवशी, शेडमध्ये, पोराबाळांना हाताशी घेऊन.

बांधणाऱ्याची खरी परीक्षा सामान निवडताना होते. घर बांधताना माणूस मजबुती, किंमत आणि रूप बघतो. इथे त्याच्याही आधी एकच गोष्ट बघावी लागते: ही वस्तू आवाज करते का?

कारण समोर पांढऱ्या शेपटीचं हरीण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती. पुढे कायदे आले. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, हंगाम आणि परवाने कडक झाले, आणि आज ही संख्या तीन कोटींच्या आसपास धरली जाते. इतकी हरणं असूनही ती सहजी हाती लागत नाहीत. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजांच्या वरच्या पट्टीतलंही त्यांना ऐकू येतं. प्लायवूडची करकर, नायलॉनच्या जाकिटाची सळसळ, बिजागरीची एक चीं, आणि शेपटी वर करून हरीण पसार.

डोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. 1992 मध्ये जॉर्जिया विद्यापीठात झालेल्या प्रयोगांतून असं दिसलं की हरणाला लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा मात्र चांगला दिसतो आणि अतिनील प्रकाशही काही प्रमाणात कळतो. त्यामुळे हौशी मंडळी भिंतींवर पानाफुलांची नक्षी रंगवण्यात जो वेळ घालवतात तो बराचसा वाया जातो. साधा मळकट, चमक नसलेला बाहेरचा रंग पुरतो. आतून मात्र खोली काळी हवी. समोरासमोरचे दोन झरोके उघडे असले की पलीकडच्या उजेडावर बसलेल्या माणसाची आकृती उठून दिसते, आणि तिने मान हलवली की खेळ संपला. काळा रंग आणि पाठीमागच्या झरोक्याला जाड कापडाचा पडदा, एवढ्यावर हे काम भागतं.

आता सामानाकडे. पाया आणि पाय यांत काटकसर करू नये, असं अनुभवी माणसं बजावतात ते उगाच नाही. जमिनीला टेकणारं लाकूड रसायन मुरवलेलं लागतं. पूर्वी त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असायचं. 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेली नवी मिश्रणं आली. आर्सेनिक गेलं हे चांगलंच झालं, पण या नव्या लाकडातलं तांबं साध्या लोखंडी खिळ्याला खातं. वरून पाय धडधाकट दिसतो आणि आत खिळा काडीएवढा झालेला असतो. म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरायचे, आणि पाय जिथे चौकटीला जुळतात तिथे आरपार बोल्ट. भिंतीतल्या जिप्सम बोर्डासाठी मिळणारे काळे स्वस्त स्क्रू इथे कधीच वापरू नयेत; ते ठिसूळ असतात, वाऱ्याने खोली डुलली की मान तुटते. खिळ्यांचा दोष वेगळा. लाकूड सुकतं, आकसतं, खिळा सैल होतो, आणि आतल्या माणसाने पाय हलवला की फळी खिळ्यावर घासून कुरकुरते. स्क्रू फळी घट्ट धरून ठेवतो.

लाकडाचा कापलेला टोकाचा भाग जवळून पाहावा. पेंढीच्या कापलेल्या टोकासारखी तिथे नळ्यांची तोंडं उघडी दिसतात. पाणी शिरतं ते इथूनच. रसायन लाकडाच्या मध्यापर्यंत पोहोचलेलंच असेल याची खात्री नसते, त्यामुळे करवत चालली की आतला कच्चा गाभा उघडा पडतो. त्या टोकाला ब्रशने तांब्याचं द्रावण दोनदा लावणं हे पाच मिनिटांचं काम. ते टाळलेल्या लपणाचे पाय नेमके जमिनीलगत कुजतात, आणि आत माणूस बसलेला असताना कुजलेला पाय मोडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

भिंतींना प्लायवूड घ्यावं की लाकडाच्या कपच्या दाबून केलेला ओएसबी, यावर तिकडे न संपणारी चर्चा चालते. ओएसबी स्वस्त पडतो, पण त्याच्या कडांना पाणी लागलं की तो पुरीसारखा फुगतो आणि सुकल्यावर पुन्हा जागेवर येत नाही. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते सहसा आपला आकार सोडत नाही. पैसे जपूनच खर्च करायचे असतील तर जमिनीला पाऊण इंची प्लायवूड, भिंतींना ओएसबी आणि त्याच्या प्रत्येक कडेला रंगाचे दोन हात, ही वाटणी शहाणपणाची. प्लायवूड आणि ओएसबीचं शीट बाजारात चार बाय आठ फुटांचं मिळतं, म्हणून खोलीचं मापही त्यालाच धरून ठरवावं. नाहीतर प्रत्येक शीटचा हातभर तुकडा शेडच्या कोपऱ्यात पडून राहतो.

जमिनीवर काय अंथरायचं याला सगळ्यात जास्त महत्त्व द्यावं. बुटाची टाच नुसत्या प्लायवूडवर टेकली तरी ढोलासारखा आवाज येतो. जुना गालिचा फुकट मिळतो आणि आवाज गिळतो, पण ओल धरतो आणि उंदरांना घर देतो. घोड्यांच्या तबेल्यात घालतात त्या पाऊण इंच जाडीच्या रबरी चटया उत्तम. फक्त चार बाय सहा फुटांची एक चटई पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते आणि नवी असताना रबराचा उग्र वास येतो. म्हणूनच जाणते लोक सगळं काम उन्हाळ्यातच उरकतात. रंग, रसायन, रबर यांचा वास नोव्हेंबरपर्यंत उडून जातो आणि हरणंही त्या खोलीला सरावतात.

छपराला नालीदार पत्रा टिकतो, पण पावसाचा थेंब त्यावर वाजतो आणि थंडीत माणसाच्या श्वासाची वाफ आतून थेंब होऊन मानेवर ठिबकते. पत्र्याखाली प्लायवूड घातलं की दोन्ही त्रास बरेच कमी होतात. झरोक्यांना ॲक्रिलिक हलकं असतं, पण खाचेत सरकवताना चिरकतं. वरून लटकणारी फळी आणि धातूच्या बिजागरीऐवजी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, हा गावठी उपाय सगळ्यांत शांत.

फुकटच्या सामानाचा मोह इथे मोठा असतो. कारखान्यांमागे पडलेले लाकडी पॅलेट घ्यायचे तर त्यावरचा शिक्का वाचावा: एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घेऊच नये. रसायनांच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या टाक्या कापूनही लोक लपण करतात; आत आधी काय भरलं होतं हे लेबलावरून कळत नसेल तर ती टाकी तिथेच सोडावी. गुरांच्या कुंपणाची सोळा फुटी जाळी कमानीसारखी वाकवून वर पेंढा बांधला की शेतातल्या गवताच्या गठ्ठ्यासारखं लपण तयार होतं, आणि ते खरोखर चांगलं चालतं. टाकाऊतून उभं करण्याची परंपरा या भागात जुनी आहे. स्वतः शिकारी असलेले निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड यांनी 1935 मध्ये बाराबूजवळ पडीक शेत घेतलं, तेव्हा तिथे वापरण्याजोगं एक खुराडंच उरलं होतं. कुटुंबाने मिळेल त्या लाकडाने ते राहण्याजोगं केलं, आणि ती झोपडी आजही उभी आहे.

सरकारी जमिनीवर नियम वेगळे. विस्कॉन्सिनच्या वनजमिनीवर, बंदुकीच्या हंगामात, जमिनीवरच्या लपणावर चारही बाजूंनी दिसेल असं किमान 144 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड लावावं लागतं. आत माणूस आहे हे दुसऱ्या शिकाऱ्याला कळायला हवं. हरणाला हा रंग मळकटच दिसतो, म्हणून ही सक्ती शिकारीच्या आड येत नाही. आणि थंडीत गॅसची शेगडी लावणाऱ्यांनी खोली कधीच पूर्ण बंद करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय मिटवला, आणि तो मिटला हे योग्यच झालं. पण लपून बसण्याची विद्या आपल्याकडे जिवंत आहे. ज्वारीवर उतरणारी पाखरं गोफणीने हाकणारा राखणदार माळ्यावर बसतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात वनखात्याच्या मचाणांवर बसून लोक पाणवठ्यावरची जनावरं न्याहाळतात. पक्षी टिपणारे छायाचित्रकार शेताच्या बांधावर हिरवी शेडनेट बांधून दिवस काढतात. त्यांनाही हेच लागू पडतं: वाऱ्याने फडफडणारी जाळी सोडून गोणपाट ताणून बांधावं, चकचकीत ताडपत्री टाळावी, आतून काळं कापड लावावं, घरट्याजवळ आडोसा उभारू नये आणि राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच बांधू नये. बांधून झालं की स्टूल ठेवून तासभर आत बसून बघा. जिथून कुरकुर ऐकू येईल तिथे आणखी एक स्क्रू मारा.