चाकाला पायमोजा

बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरबताचा गोळा येतो. बर्फाने झाकलेल्या चढावरून भरलेली मालमोटार न्यायची म्हणजे काय, याची कल्पना सह्याद्रीच्या घाटात बसून यायची नाही. परंतु चाक जागच्या जागी गरगर फिरते आहे आणि गाडी तसूभर पुढे सरकत नाही, हा अनुभव पावसाळ्यातल्या चिखलात आपल्या ड्रायव्हर मंडळींनी घेतलेला आहे. अशा वेळी ते काय करतात? चाकाखाली गोणपाट सारतात. गेल्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेत निघालेला चाकाचा कापडी पायमोजा म्हणजे चाकाबरोबर फिरणारे गोणपाटच होय.

बर्फ निसरडे का? त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचे, वितळू लागलेले बर्फ म्हणूनच अधिक दगा देते. त्यात थंडीने टायरचे रबर कडक होते. त्याची पकड आणखी सुटते. कापडाचे तसे नाही. त्याचे असंख्य तंतू तो पाण्याचा थर टिपून घेतात, विणीत बर्फाचे कण रुततात, आणि बर्फाला बर्फ धरून ठेवते. न्यूझीलंडमध्ये डनेडिन येथील संशोधकांनी माणसांना बुटांवरून मोजे चढवून बर्फाळ उतारावर चालवून पाहिले. घसरणे खरोखरच कमी झाले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले आणि २०१० साली त्याला हसवता हसवता विचार करायला लावणारे 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. हसणाऱ्यांनी हसावे, चाकाच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे.

यापूर्वीचा उपाय लोखंडी साखळीचा. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याने १९०४ साली तिचे पेटंट घेतले. चिखलातून जाताना लोक चाकांना दोर गुंडाळीत, त्यावरून त्याला हे सुचले असे सांगतात. साखळी मजबूत खरी, पण जड. आणि ती चढवायची कोणी? बधिर बोटांनी, रस्त्याच्या कडेला, शेजारून गाड्या जात असताना, ड्रायव्हरने! पायमोजा हलका असतो. तो चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर ओढायचा, गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची आणि उरलेला भाग चढवायचा. लवचिक कडेमुळे तो आपोआप नीट बसतो.

मात्र याला साखळीचा सर्वगुणसंपन्न जावई समजू नये. खोल बर्फात साखळीच सरस. वेग साधारणतः ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. शिवाय मोजे ओढणाऱ्या दोन चाकांनाच घातले तर गाडी चढ चढेल, पण ब्रेक दाबताना उघडी राहिलेली चाके घसरायची ती घसरणारच.

आता कायद्याकडे वळू. युरोपात अशा साधनांसाठी २०२० साली प्रमाण ठरले. फ्रान्सने १ नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागांतील ठरवून दिलेल्या क्षेत्रांत, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात, मोटारींना हिवाळी टायर किंवा साखळ्या वा कापडी मोजे बाळगणे सक्तीचे केले. कायदा गाडीला सांगतो, पण पैसे कोणी भरायचे? आमच्या मते हे ड्रायव्हरचे अवजार आहे, आणि अवजार मालकाने द्यावे. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाऊस-थंडीपासून बचावासाठी कामगारांना रेनकोट वगैरे मालकाकडून देवविण्याची तरतूद होती. त्यामागची दृष्टी हीच होती.

हे म्हणण्याचे कारण कापडाच्या स्वभावातच आहे. बर्फ संपून डांबर उघडे पडले की मोजा लगेच काढावा लागतो. नाही तर तो झपाट्याने झिजून फाटतो. काढण्यासाठी थांबावे लागते, थांबले की वेळ जातो. ज्याच्या पगारातून फाटलेल्या मोज्याची किंमतही कापली जाते आणि उशिराचा दंडही, तो ड्रायव्हर पुढच्या वेळी मोजा पेटीतच ठेवील आणि उघड्या टायरांनी घाट उतरेल.