टोलवाटोलवी : बातमीतला एक शब्द

आज आपण एकच शब्द घेणार आहोत. वर्तमानपत्रात तुम्ही तो शेकडो वेळा वाचला असेल : ‘टोलवाटोलवी’. रुग्णाला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पाठवलं, की टोलवाटोलवी. खड्डा महापालिकेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा हे ठरेना, की टोलवाटोलवी. हद्दीवरून दोन पोलीस ठाणी अडली, तरी तोच शब्द.

शब्द मैदानावरचा आहे. विटीला टोला मारायचा, चेंडू टोलवायचा. आता त्याची घडण बघा. मारामारी, ढकलाढकली यांच्याच कुळातला हा. पण मारामारीत दोघे मारतात आणि मारही दोघेच खातात. टोलवाटोलवीत दोघे टोलवतात आणि टोलवला जातो तो तिसराच.

याचे शेजारी तपासू. चालढकल एकाच टेबलावर होते : ‘उद्या या.’ टोलवाटोलवीला किमान दोन टेबलं लागतात : ‘तिकडे जा.’ वाटाण्याच्या अक्षता म्हणजे सरळ नकार. अर्थसंकल्पानंतर ‘तोंडाला पाने पुसली’ असा मथळा येतो, तिथे निदान काही मिळालं नाही एवढं तरी कळतं. टोलवाटोलवीत कुणी ‘नाही’ म्हणतच नाही. आणि नकारच नाही, तर अपील कशाविरुद्ध करणार? माणूस अडकतो तो इथे.

आता मथळ्याकडे येऊ. ‘अधिकाऱ्यांची टोलवाटोलवी’ आणि ‘रुग्णाची टोलवाटोलवी’. दोन्हीकडे षष्ठीच, पण एक कर्त्याची आणि दुसरी कर्माची. संस्कृत वैयाकरणांनी हा भेद फार पूर्वी नोंदवला आहे. तो किती महागात पडतो, ते आम्ही अनुभवलं. निवृत्तीनंतर आमच्या पेन्शनचा कागद दोन कार्यालयांमध्ये वर्षभर फिरत होता. एका वार्ताहराने आपुलकीने बातमी केली. मथळा : ‘निवृत्त प्राध्यापकाची टोलवाटोलवी’. सकाळीच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन, ‘सर, तुम्ही कुणाला टोलवलंत?’

हसलो आम्हीही. पण पुढची गंमत कडू होती. बातमीत ना कार्यालयांची नावं होती, ना तारखा. दोन्हीकडच्या साहेबांनी ती वाचली आणि दोघांनाही ती दुसऱ्याबद्दल आहे असं वाटलं. शब्दाने आमची दया केली, टोलवणाऱ्यांना मात्र मोकळं सोडलं.

मग आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज केला, तोही चुकीच्या कार्यालयात. पण 2005 च्या त्या कायद्याचं कलम 6(3) जणू याच शब्दावर लिहिलेलं आहे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर अर्जदाराला ‘तिकडे जा’ म्हणायचं नाही. अर्ज पाच दिवसांच्या आत आपणच तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. पत्र आलं आणि कागद नेमका कुणाच्या टेबलावर आहे, ते पहिल्यांदा लेखी मिळालं. पुढे पेन्शनही सुरू झालं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 हेच पोलीस ठाण्यांना सांगतं : दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्या.

दोन्ही कायद्यांमागचा विचार एकच. जबाबदारी कुणाची हे शोधण्याचं काम नागरिकाचं नाही, कचेरीचं आहे.

शब्द वाईट नाही. वार्ताहराने तो जरूर वापरावा. पण त्याखाली पहिला टोला कुणी मारला, कोणत्या तारखेला, आणि नियमाप्रमाणे काम कुणाचं होतं, हेही लिहावं. बातमीत ते नसेल, तर आपण वाचकांनी संपादकाला पत्र टाकून विचारावं. आम्ही अलीकडे विचारतो. कधी कधी उत्तरही येतं.