तुंड्र्याचा पाहुणा, तरियाच्या चिखलात

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला वरांगेर नावाची खाडी आहे. उन्हाळ्यात पक्षीवेडी माणसं लाखो रुपये खर्चून छोट्या जहाजांनी त्या किनाऱ्याला जातात आणि डेकवर दुर्बीण लावून तासन्‌तास उभी राहतात. तिथल्या तुंड्रात विणीला येणारा एक चिमुकला पक्षी म्हणजे छोटा टिलवा. नॉर्वेपासून सायबेरियापर्यंत त्याचं माहेर पसरलेलं आहे.

हाच टिलवा आम्हा भिलाईकरांना स्कूटरच्या अंतरावर भेटतो. जानेवारीत गावच्या तरियाचं, म्हणजे गावतलावाचं, पाणी ओसरतं, कडेला ओला चिखल उघडा पडतो, तिथे तो थव्याने उतरतो. वजन साधारण पंचवीस ग्रॅम. दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर घेऊन बघा, जवळपास तेवढंच! पाय काळे, चोच काळी आणि सरळ. शिलाई मशीनच्या सुईसारखी ती चिखलात वरखाली होत असते. किड्यांच्या अळ्या टिपायच्या, दोन पावलं पळायचं, पुन्हा टिपायचं. मला तर तिकडे जहाजावरून दिसणाऱ्या सागरी गरुडापेक्षा हे दृश्य जास्त मोलाचं वाटतं.

उत्तरेतला उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. म्हणून मादी बरेचदा दोन घरट्यांत अंडी घालते. एक घरटं नर उबवतो, दुसरं ती स्वतः. पिल्लांना कुणी भरवत नाही. अंड्यातून निघाली की ती आपली आपण किडे टिपू लागतात.

या पक्ष्याची नडगी जेमतेम दोन सेंटिमीटरची. त्याला उथळ पाणी आणि मऊ चिखल हवा, खोल तलाव त्याच्या कामाचा नाही. खोलीकरणात तरियाच्या चारही कडा सरळ कापल्या, त्यांना दगड-सिमेंट लावलं, की पाणी भरपूर दिसतं, पण टिलव्याचं ताट पुसलं जातं. बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदा तलावांवर 2021 मध्ये पक्षी महोत्सव झाला, त्या पाणथळींकडे लोकांचं लक्ष गेलं. साध्या गावतलावांकडे मात्र अजून कुणी त्या नजरेनं बघत नाही.

गाळ जरूर काढा, पण एक कड उतरती आणि कच्ची राहू द्या. आणि बघायला जाल तेव्हा पाळीवरच बसा, चिखलात उतरू नका. एप्रिल-मेमध्ये त्याला परत उत्तर गाठायची आहे. तोवर त्याला पोटभर खाऊ द्या.