शाळकरी वयातील धूम्रपान आणि अभ्यासाची शिस्त

मुलगा सिगारेट ओढू लागला आणि त्याचे अभ्यासातील लक्ष उडाले, अशी व्यथा घेऊन अनेक पालक बाह्यरुग्ण विभागात येतात. या दोन गोष्टींचा संबंध नाकारता येत नाही. परंतु त्यांचा क्रम बहुधा उलटा असतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आठवीतील विद्यार्थ्यांचा ते सुमारे बावीस वर्षांचे होईपर्यंत मागोवा घेतला. २००८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत धूम्रपानामुळे अपयश यापेक्षा अपयशातून धूम्रपान, ही वाट अधिक ठळक दिसते. वर्गात मागे पडलेले मूल प्रतिष्ठा अन्यत्र शोधते, आणि ती शाळेबाहेरच्या टपरीपाशी फार स्वस्तात मिळते.

एकदा सवय जडली की मात्र निकोटीन आपले काम करू लागते. झुरका घेताच काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव! पुढील सिगारेटने ही तलफ तेवढी शमते; मुलाला मात्र वाटते की, सिगारेटमुळे अभ्यास होतो. संयम व नियोजन सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो, म्हणून या वयातील व्यसन अधिक खोल रुजते.

आपल्याकडे प्रश्न केवळ धुराचा नाही. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करताना आढळले. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली आहे. कायदा स्पष्ट आहे. टपऱ्याही तितक्याच स्पष्ट दिसतात.

सिगारेट सापडताच मुलास शाळेतून काढून टाकणे हा आम्हांस सर्वांत घातक उपाय वाटतो. शाळेशी उरलेला धागाच त्यामुळे तुटतो. त्यापेक्षा कोणता विषय अडला आहे, याची चौकशी पालकांनी प्रथम करावी, मारहाण टाळावी आणि समुपदेशकाकडे मुलासह स्वतःही यावे. व्यसनमुक्तीसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.